अनुराधपूर पहिल्यांदा पाहताना: दोन मुक्काम, एक सायकल आणि जाड मोजे

श्रीलंकेच्या सहलीत अनुराधपूरच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. सकाळी सिगिरिया, दुपारी जेवण, मग बसमधून उतरून बोधिवृक्ष, एक पांढरा स्तूप, फोटो, की निघाले. माझी पहिली भेट अशीच झाली. घरी आल्यावर आठवत होतं ते एवढंच, की स्तूप प्रचंड होते आणि तळपाय भाजले होते. दुसऱ्या वेळी आईला घेऊन गेलो आणि मुद्दाम दोन मुक्काम केले. तेव्हा कळलं, की या नगरीत वर बघण्यासारखं जेवढं आहे, त्याहून जास्त पायाशी आहे. पायऱ्या, उंबरे, गटारं, हौद, पाण्याच्या वाटा. पहिल्यांदा जाणाऱ्याने काय करावं आणि कोणत्या क्रमाने करावं, ते इथे सविस्तर सांगतो.

निघण्याआधी एवढं वाचून ठेवा

इ.स.पूर्व चौथ्या शतकापासून अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अनुराधपूर ही सिंहली राजांची राजधानी होती. मग चोळांच्या स्वाऱ्या झाल्या, राजधानी पोलोन्नरुवाला गेली आणि इथे हळूहळू जंगल वाढलं. १९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हे नाव आलं.

धम्म इथे आला तो इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, राजा देवानंपिय तिस्स याच्या काळात. ‘महावंस’ या पाली ग्रंथात ती हकिकत आहे. तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या धर्मसभेनंतर, मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) चहूकडे भिक्खू पाठवले. अशोकाचा मुलगा महिंद लंकेला गेला. त्याच यादीत महाधम्मरक्खित थेरांना ‘महारट्ठ’ देशी, म्हणजे आपल्याकडे, पाठवल्याची नोंद आहे. अनुराधपूरला जाताना आपण कुठल्या परक्या गावी चाललोय असं मला वाटत नाही, ते या एका ओळीमुळे.

नकाशा समजायला एक किल्ली पुरते. इथे तीन मोठे विहार होते: महाविहार, अभयगिरी आणि जेतवन. प्रत्येकाचा एक मोठा स्तूप आणि त्याच्या भोवती भिक्खूंची वसाहत. खोल्या, भोजनशाळा, तळी, स्नानगृहं. भग्नावशेष मैलोन्‌मैल विखुरलेले वाटतात, पण आपण कोणत्या विहारात उभे आहोत एवढं कळलं की गोंधळ संपतो.

काही शब्दही कामाला येतात. स्तूपाला तिथे ‘दागोबा’ म्हणतात. मूळ पाली शब्द धातुगब्भ. आपल्याकडच्या लेण्यांबद्दलच्या जुन्या मराठी लिखाणात हाच शब्द भेटतो. ‘वेव’ म्हणजे तलाव, पालीत वापि. ‘पोकुण’ म्हणजे पुष्करिणी. ‘गल’ म्हणजे खडक. पाट्या वाचताना हे चार शब्द पुष्कळ झाले.

कधी जावं

हा लंकेचा कोरडा पट्टा आहे. मोठा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान पडतो. फेब्रुवारी-मार्च किंवा जुलै ते सप्टेंबर हे महिने फिरायला सोयीचे. ऊन मात्र कायम असतं, ते गृहीत धरूनच दिवस आखा.

प्रत्येक पौर्णिमा म्हणजे ‘पोय’, त्या दिवशी देशभर सुट्टी. दारू आणि मांसाची विक्री बंद असते आणि पांढऱ्या कपड्यांतल्या भाविकांनी अनुराधपूर भरून जातं. जूनमधली ‘पोसोन’ पौर्णिमा तर महिंद थेरांच्या आगमनाचा दिवस. त्या काळात रस्तोरस्ती ‘दंसल’ लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत, चहा. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला किंवा पंढरीच्या वाटेवर जो अन्नदानाचा उत्साह दिसतो, अगदी तोच. ही गर्दी अनुभवायची असेल तर पोसोनला जा आणि राहायची जागा फार आधी ठरवा. भग्नावशेष निवांत पाहायचे असतील तर पौर्णिमा टाळा. दोन्ही एका भेटीत साधत नाही.

पोहोचायचं कसं

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, अडीच तासांच्या आसपास. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजी माहिती पाहा. एजंटाच्या तोंडी माहितीवर राहू नका. घड्याळ बदलावं लागत नाही, वेळ आपलीच.

कोलंबोहून अनुराधपूर साधारण २०० किलोमीटर. कोलंबो फोर्ट स्थानकातून जाफन्याच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या कुरुणेगल, महव करत अनुराधपूरला थांबतात. चार-पाच तास धरा. मला रेल्वेच बरी वाटते, कारण नारळीच्या बागा मागे पडून भातखाचरं आणि तलाव कधी सुरू झाले ते डोळ्यांना दिसतं. आरक्षण आधी करा. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला, नेगोंबोजवळ आहे. वेळ कमी असेल तर शहरात न शिरता तिथूनच गाडी करून सरळ उत्तरेला निघता येतं.

मुक्काम नव्या गावात नुवरवेवच्या बाजूला किंवा तिसावेवजवळ करा. घरगुती गेस्टहाउस भरपूर आहेत आणि बहुतेक ठिकाणी सायकल भाड्याने मिळते.

तिकीट, कपडे आणि तळपाय

पुरातत्त्वीय भागासाठी परदेशी पाहुण्यांना तिकीट लागतं आणि ते स्वस्त नाही. सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर मिळत आला आहे, पण त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. झेरॉक्सवर काम होईलच असं नाही. बोधिवृक्ष आणि इसुरुमुनिय हे विहार या, आजही पूजा चालणाऱ्या, देवस्थानांची व्यवस्था वेगळी, तिथे वेगळे पैसे द्यावे लागू शकतात. तिकीट दिवसभर जपून ठेवा, जागोजाग तपासतात.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाई असो की पुरुष. पांढरे किंवा फिके सुती कपडे घाला. बोधिवृक्षाच्या आवारात शिरताना तपासणी होते, बॅग उघडून दाखवावी लागते. १९८५ मध्ये इथे झालेल्या हल्ल्यात शंभराहून जास्त माणसं मारली गेली होती, त्यामुळे तपासणीला कुरकुर करू नका. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमानास्पद मानलं जातं. अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर तो झाकून ठेवा. यावरून पर्यटक अडचणीत आले आहेत.

आता तळपाय. प्रत्येक स्तूपाच्या आवारात चप्पल-बूट आणि टोपी काढावी लागते. ती फरसबंदी सकाळी दहानंतर तव्यासारखी तापते. पहिल्या भेटीत आमच्या वाटाड्याने दुपारी दीड वाजता आम्हाला रुवनवेलिसाय या मोठ्या स्तूपावर नेलं. अर्धे लोक प्रदक्षिणा सोडून सावलीला पळाले. मोजे चालतात, तेव्हा जाड सुती मोज्यांचे दोन जोड बरोबर घ्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे पूजेतले स्तूप सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर करायचे आणि मधला वेळ जंगलातल्या अवशेषांना द्यायचा. तिथे झाडांची सावली असते आणि बहुतेक ठिकाणी बूटही काढावे लागत नाहीत.

पहिला दिवस: बोधिवृक्षापासून सुरुवात

पहाटे साडेपाच-सहाला निघा. फाटकाबाहेर फुलवाल्या बसलेल्या असतात. कमळ घ्या, निळं कुमुद घ्या. फुलवालीचे हात बघत थोडा वेळ थांबा. ती कमळाची बाहेरची पाकळी मागे दुमडते, मग तिच्या आतली, मग तिच्या आतली, आणि मिटलेली कळी बघता बघता ताटलीसारखी उमलते. आईने दुसरं फूल तिच्याकडून मागून घेऊन स्वतः उमलवलं.

जय श्री महाबोधी हे बोधगयेच्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेलं झाड. अशोकाची कन्या संघमित्ता थेरी ती फांदी घेऊन आल्या. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ लिहून ठेवलेल्या झाडांत हे जगातलं सगळ्यांत जुनं मानतात, बावीसशे वर्षांहून जुनं. नवखी माणसं एक चूक हमखास करतात. खालच्या ओट्यावरचे डेरेदार पिंपळ बघून तेच मूळ झाड समजतात. मूळ झाड सगळ्यांत वरच्या ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत आहे. बारीक, एका अंगाला कललेलं, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले. त्याच्या अगदी जवळ जाता येत नाही. खाली बसून बघायचं.

तिथे बसायला वेळ ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांचा एक घोळका शेजारी फुलं वाहून म्हणू लागला, ‘वण्ण-गन्ध-गुणोपेतं, एतं कुसुमसन्तति...’ आईने मान वर केली. आमच्या विहारात दर रविवारी हीच गाथा म्हणतात. उच्चार जरा वेगळे, चाल वेगळी, शब्द मात्र तेच. ती त्यांच्यात मिसळून म्हणायला लागली. शेवटचं ‘साधु, साधु, साधु’ सगळ्यांचं एकदम आलं. त्यातल्या एका आजींनी हाताला धरून तिला आपल्या सतरंजीवर बसवून घेतलं. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. त्रिसरण-पंचशील पाठ असलेल्या कुणाही मराठी माणसाला इथे असं बसता येईल. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या रोपापासून वाढलेला आहे, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. मला तिनेच तिथे सांगितलं.

झाडाचं पान तोडायचं नाही. गळून पडलेलं मिळालं तर ते भाग्य समजतात.

बाहेर पडल्यावर शेजारीच दगडी खांबांचं रान दिसेल. हा लोवमहापाय. एके काळी नऊ मजली, तांब्याच्या छताचा भिक्खूंचा प्रासाद. आता सुमारे सोळाशे खांब उरलेत. आत जाता येत नाही, बाहेरून पाहून पुढे चला.

तिथून चालत रुवनवेलिसाय. शंभर मीटरच्या आसपास उंचीचा, चुनेगच्चीसारखा शुभ्र स्तूप, भोवती हत्तींची भिंत. राजा दुटुगेमुणु याने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात तो बांधायला घेतला. आज दिसतो तो जीर्णोद्धार केलेला. काम पुरं होण्याआधीच राजा अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने, सद्धातिस्साने, अर्धवट स्तूपावर पांढरं कापड चढवलं आणि स्तूप पुरा झाल्याचं दाखवलं. पालखीतून प्रदक्षिणा करत राजाने तो डोळे भरून पाहिला, असं महावंसात आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहिला, की ही गोष्ट का टिकली ते उमगतं.

ऊन चढायच्या आत थूपाराम उरका. लंकेतला हा पहिला स्तूप, देवानंपिय तिस्साच्या वेळचा. आकाराने छोटा, घंटेसारखा. हा आकार एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत आला. भोवतीचे उंच, सडपातळ खांब बघा. त्यांवर एके काळी स्तूपाला झाकणारं छप्पर होतं.

दहा-साडेदहाला खोलीवर परत जा. जेवा, झोपा.

चार वाजता इसुरुमुनिय. खडकाला लागून असलेलं लहानसं विहार. तळ्याकडेच्या खडकावर पाण्यात खेळणारे हत्ती कोरलेत. कातळाच्या फटीचाच उपयोग करून ते जणू पाण्यातून वर येताहेत. आतल्या संग्रहालयात ‘प्रेमी युगुल’ म्हणून प्रसिद्ध असलेलं शिल्प आहे. पुस्तकांत इतकं मोठं छापतात, की प्रत्यक्षात त्याचा लहानपणा बघून नवल वाटतं.

तिथून तिसावेवच्या बांधावर जा. सूर्यास्त इथेच. हा तलाव देवानंपिय तिस्साच्या नावाचा आणि आजही भरलेला. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने कलावेव हा मोठा तलाव बांधला आणि तिथून ८७ किलोमीटर लांबीचा कालवा या तलावापर्यंत आणला. त्याच्या सुरुवातीच्या भागात मैलाला जेमतेम सहा इंच उतार आहे. आपल्याकडे दुष्काळी गावांत समपातळी चर खणताना पातळी धरायला किती जीव काढावा लागतो, हे ज्यांनी केलंय त्यांना या सहा इंचांची किंमत कळेल. राजधानी एवढी शतकं टिकली ती या पाण्यावर. संध्याकाळी बांधावर गावातली माणसं अंघोळीला येतात. कॅमेरा जरा आवरता ठेवा.

दुसरा दिवस: सायकल आणि जंगल

आजचा दिवस सायकलचा. रस्ते सपाट, रहदारी कमी. गुडघ्यांचा त्रास असेल तर दिवसभरासाठी रिक्षा ठरवा, दर आधी बोलून घ्या. आई रिक्षात आणि मी सायकलवर, असं आम्ही केलं. दोन लिटर पाणी बरोबर हवंच. माकडं पिशवी ओढतात, तेव्हा हातात खाऊ धरून चालू नका.

सकाळी जेतवनाराम. राजा महासेनाने इ.स. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला हा स्तूप मूळचा १२२ मीटर उंच होता. त्या काळी गिझाच्या दोन पिरॅमिडांनंतर जगातली सर्वांत उंच वास्तू हीच. आज सुमारे ७१ मीटर उरलाय. नऊ कोटींहून अधिक विटा लागल्या असाव्यात असा अंदाज आहे. याला पांढरा गिलावा केलेला नाही, म्हणूनच मला हा जास्त भावतो. जवळ जाऊन विटांचे थर बघा. कार्ले-भाजे आपण डोंगर आत कोरत जाऊन केले. इथे सपाट रानात माती भाजून डोंगर उभा केला.

मग उत्तरेला अभयगिरी. दिवसाचा मोठा वाटा इथे द्या. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी प्रवासी फाहियान लंकेत दोन वर्षं राहिला. अभयगिरीत पाच हजार भिक्खू होते, असं त्याने लिहिलंय. इथल्या बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने चीनमधला पांढरा रेशमी पंखा वाहिला. देश सोडून बरीच वर्षं झालेल्या फाहियानने तो पाहिला आणि त्याला रडू आवरलं नाही. परदेशी राहणाऱ्या कुणाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

अभयगिरीच्या परिसरात या तीन जागा चुकवू नका.

पहिली, ‘महासेनाचा राजवाडा’ असं चुकीचं नाव पडलेल्या इमारतीची पायरी. राजवाडा नव्हे, विहारच होता. पायरीपुढे जमिनीत अर्धगोल शिळा आहे, तिला ‘सन्दकड पहण’ म्हणतात, म्हणजे चंद्रशिळा. खाली बसून बाहेरून आत बघत जा. कडेला ज्वाळा. मग हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागे एक धावताहेत. मग वेल. मग चोचीत कमळाचा देठ धरलेले हंस. मधोमध अर्धं कमळ. बैलाची मागे वळलेली शेपटी आणि हत्तीच्या सोंडेतली वळी इतकी जिवंत, की आत जाणारा माणूस या शिळेवर पाय ठेवून जात असे यावर विश्वास बसत नाही. पुढे पोलोन्नरुवाला गेलात तर तिथल्या चंद्रशिळांत बैल शोधा. या रांगेत तो सापडणार नाही.

जवळच रत्नप्रासाद आहे. त्याच्या दारातली नागराजाची द्वारशिळा, म्हणजे दाराशी उभी केलेली कोरीव शिळा, लंकेतल्या सर्वोत्तम द्वारशिळांपैकी एक.

दुसरी जागा समाधी बुद्ध. ध्यानस्थ, सुमारे सात फूट उंच, साधी मूर्ती. जवाहरलाल नेहरूंनी देहरादूनच्या तुरुंगात या मूर्तीचा फोटो टेबलावर ठेवला होता. समोरून आणि दोन्ही बाजूंनी पाहिलं तर चेहऱ्यावरचा भाव बदलतो, असं तिथले लोक सांगतात. तिन्हीकडून पाहा, मग गप्प बसा.

तिसरी जागा कुट्टम पोकुण, भिक्खूंच्या स्नानासाठीची जोडतळी. लोक पायऱ्यांचे फोटो काढून निघतात. तुम्ही उत्तरेकडच्या तळ्याच्या टोकाला जा. तिथे एक छोटं दगडी टाकं दिसेल. जमिनीखालून आलेलं पाणी आधी या टाक्यात पडायचं, गाळ तळाशी बसायचा आणि वरचं निवळ पाणी मकराच्या मुखातून तळ्यात उतरायचं. माझ्या आजोळी विहिरीचं पाणी असंच एका हौदात थांबवून पुढे सोडायचे. त्या टाक्यापाशी मी बराच वेळ उकिडवा बसून होतो.

वाटेत भोजनशाळेतली भाताची लांबलचक दगडी डोण दिसेल. हजारो भिक्खूंचं जेवण कसं होत असेल, ते तिच्या लांबीवरून ताडता येतं.

जेवणाचं

भात आणि चार-पाच भाज्या-आमट्या असं ताट सगळीकडे मिळतं. नारळाच्या दुधातलं वरण, फणसाची भाजी, पोळ सांबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी. कोकणातल्या माणसाला घरच्यासारखं वाटेल. शाकाहाऱ्यांनी मात्र एक गोष्ट विचारायचीच: ‘उंबलकड’ आहे का? हे सुकवलेल्या माशाचे तुकडे असतात आणि ते चटणीत, भाजीत सहज घालतात. घालणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही, म्हणून नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. सकाळी इंडिअप्प म्हणजे शेवया, किंवा आप्प. उन्हात रस्त्याकडेची केशरी शहाळी, ‘तंबिली’, प्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे: मिहिंतले

परतीची गाडी दुपारची धरा आणि पहाट मिहिंतलेला द्या. अनुराधपूरच्या पूर्वेला सुमारे १३ किलोमीटर. शिकारीला निघालेल्या देवानंपिय तिस्साला महिंद थेर इथेच भेटले. पायथ्यापासून १८४० दगडी पायऱ्या आहेत. रुंद आणि बुटक्या, चाफ्याच्या झाडांखालून जाणाऱ्या. अर्ध्या वाटेपर्यंत गाडीही जाते, आईला आम्ही तसंच नेलं. वर आराधनागल नावाचा उघडा कातळ आहे. लोखंडी कठडा धरून चढायचं, वारा जोराचा असतो, साडी किंवा ओढणी आधी खोचून घ्या. उजाडताना वरून सगळीकडे झाडांचा हिरवा पसारा दिसतो आणि पश्चिमेला त्यातून वर आलेले अनुराधपूरचे स्तूप. काल ज्यांच्या पायाशी उभे होतो, ते इथून बोटभर.

उतरल्यावर पायथ्याशी प्राचीन रुग्णालयाचे अवशेष आहेत, तिथे पाच मिनिटं थांबा. लहान लहान खोल्यांचे पाये आणि एक दगडी डोण. तिचा आतला खळगा माणसाच्या आकाराचा आहे. डोकं, खांदे, पाय यांच्यासाठी बेताने कोरलेला. रुग्णाला औषधी तेला-काढ्यात निजवायला ती वापरत. आई वाकून त्या खळग्याच्या कडेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘मानेपाशी बघ, कशी गुळगुळीत केलीय. टोचू नये म्हणून.’